शंखी, बिनशंखी आणि पाण्याचं पिंप

गेल्या शनिवारी सकाळी साडेसहाला बायकोच्या किंकाळीने जाग आली. (शनिवारी साडेसहा म्हणजे आमच्या फील्डमधल्या माणसाची मध्यरात्रच.) धावत बाल्कनीत गेलो. पाल असेल किंवा कबुतराने पुन्हा घरटं केलं असेल असं वाटलं होतं. बघतो तर पुदिन्याच्या कुंडीच्या काठावर एक बोटभर लांबीचा, चपटा, काळपट तपकिरी प्राणी निवांत चालला होता. पाठीवर मधोमध फिकट रेघ. मागे ओला, चकचकीत पट्टा. आणि पुदिन्याची निम्मी पानं गायब.

"मीठ आण!" बायको म्हणाली.

मी काही मीठ आणलं नाही. भूतदया वगैरे काही नाही हो, साधा हिशेब. कुंडीत मीठ पडलं तर हिच्याबरोबर पुदिनाही जाणार. तसं म्हटल्यावर उत्तर आलं, "मग हाताने उचल आणि टाक." तेही माझ्याने होईना. शेवटी जुन्या व्हिजिटिंग कार्डावर घेऊन तिला रिकाम्या डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि चहा टाकला.

चहा पिताना मी एक चूक केली. म्हटलं, "हीच जर पाठीवर शंख घेऊन आली असती ना, तर तू फोटो काढला असतास."

बायको काही बोलली नाही, कारण ते खरंच होतं. गेल्या पावसाळ्यात महाबळेश्वरला तिने एका गोगलगायीचा फोटो काढून दोन दिवस स्टेटसला ठेवला होता. खाली बदाम. म्हणजे बघा, तोच चिकटपणा, तीच शिंगं, तीच चाल. एकीच्या वाट्याला बदाम आणि दुसरीच्या वाट्याला मीठ. फरक फक्त पाठीवरच्या त्या भोवऱ्याचा. हे डोक्यात घुसलं ते आठवडाभर निघेना. बिल्ड चालू असताना, स्टँडअपमध्ये, ट्रॅफिकमध्ये तेच. तर हा वीकेंड या दोघींसाठी.

आधी नावाचा घोळ. इंग्रजीत दोघींना वेगळी नावं आहेत, स्नेल आणि स्लग. आपण दोघींना गोगलगायच म्हणतो, निदान आमच्या घरात तरी. फारच वेगळं सांगायचं झालं तर "ती शंख नसलेली". शेतकऱ्यांनी आणि कृषी खात्याने मात्र "शंखी गोगलगाय" असा शब्द चालू केलाय. मोबाईल आल्यावर साध्या फोनला लँडलाइन म्हणायची वेळ आली, त्यातलाच प्रकार. मला तो शब्द आवडला, म्हणून या लेखापुरत्या एक शंखी आणि दुसरी बिनशंखी.

आपली म्हण मात्र दोघींना सारखी लागू आहे. गोगलगाय नि पोटात पाय. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी या अख्ख्या गटाला जे नाव दिलंय, गॅस्ट्रोपोडा, त्याचा ग्रीकमधला अर्थ अगदी हाच, पोट आणि पाय. आमच्या आज्या-पणज्यांनी ग्रीक न शिकता क्लासिफिकेशन करून ठेवलं होतं म्हणायचं. :-) आपण ती म्हण वरून गरीब आणि आतून बिलंदर माणसासाठी वापरतो. या म्हणीबद्दल माझ्या मामाचं वेगळं मत आहे, ते पुढे येईल.

आता मुद्द्याचं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की गोगलगाय आपलं घर पाठीवर घेऊन फिरते. बालवाडीच्या भिंतीवर चित्र असतं, घराला खिडकी आणि धुराडंसुद्धा काढलेलं असतं. मग ज्या बिचारीकडे घर नाही ती कोण? बेघर. उघडी. काहीतरी गमावलेली. आपल्या मनातली किळस निम्मी तिथून येते असं माझं ठाम मत आहे. कपडे न घालता कोणी समोर आल्यासारखं वाटतं.

पण हे घराचं प्रकरणच मुळात चुकीचं आहे. शंखीचा शंख घर नसून अवयव आहे. अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच तिच्या पाठीवर छोटा शंख असतो. मग अंगावरचं जे आवरण असतं, मँटल म्हणतात त्याला, त्याच्या कडेतून कॅल्शियम कार्बोनेट पाझरत जातं आणि वेढ्यावर वेढा वाढत जातो. आतून एक भक्कम स्नायू तिला शंखाच्या मधल्या खांबाशी बांधून ठेवतो. तिला त्यातून बाहेर पडताच येत नाही. ओढून काढलीत तर ती बेघर होणार नाही, मरेल. आपण आपल्या बरगड्या बाहेर ठेवून ऑफिसला जाऊ शकत नाही, तसंच.

घर बदलणारा खरा प्राणी वेगळाच आहे. कोकणात किनाऱ्यावर ओहोटीला चालणारे शंख दिसतात ना, त्यात खेकडा असतो. तो मेलेल्या गोगलगायीच्या शंखात शिरतो, मोठा झाला की दुसरा बघतो. तो खरा भाडेकरू, अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवाला. आपण त्याची गोष्ट गोगलगायीला चिकटवलीय.

म्हणजे बिनशंखी ही शंखीची घर गेलेली बहीण नव्हे. मग ती आहे तरी कोण? इथे मला खरा धक्का बसला. "स्लग" ही काही एक जात नाही, एक घराणंसुद्धा नाही. शंख असलेल्या वेगवेगळ्या पूर्वजांपासून, जगात वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या काळात, एकमेकींना न विचारता अनेक शाखांनी शंख कमी करत आणला आणि शेवटी टाकला. कितीतरी वेळा. म्हणजे स्लग हे आडनाव नसून पद आहे, टीम लीडसारखं. कुठूनही येऊन कोणीही होऊ शकतं.

आमच्या बाल्कनीतली पाहुणी, फोटोवरून जुळवलं त्याप्रमाणे, बहुधा लेव्हिकॉलिस आल्टे. मूळची आफ्रिकेतली, आता आपल्याकडच्या शहरांतल्या बागांत पसरलेली. नर्सरीच्या मातीतून आली असणार. युरोपातल्या बागांत जी दिसते ती लिमॅक्स. दिसायला दोघी बहिणी वाटतात. पण वंशावळ काढली तर ही लिमॅक्स आमच्या पाहुणीपेक्षा शेतातल्या शंखीला जास्त जवळची निघते! आपण कातडी बघून गट पाडले आणि गट चुकले. (हे वाक्य आणखी कुठे कुठे लागू पडतं ते तुम्हीच बघा, मी त्यात पडत नाही.)

त्या लिमॅक्सची एक गोष्ट तर आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. तिच्या पाठीवर पुढच्या भागात खोगिरासारखं आवरण असतं. त्याखाली, कातडीच्या आत, चुन्याची एक पातळ चकती असते. शंखाचा अवशेष. शिवाय श्वासाचं छिद्र फक्त उजव्या बाजूला, कारण पूर्वजांचं अंग शंखाच्या पिळाप्रमाणे वळलेलं होतं. आता शंख गेला, पण छिद्र काही मध्यावर आलं नाही. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला, आता कोणी न बोलावणारा, पण काढायचीही हिंमत होत नाही म्हणून कॉमेंट करून ठेवलेला कोड असतो ना? तसं.

आणि मूळ आर्किटेक्चरबद्दल तर बोलायलाच नको. या सगळ्या कुळात पिल्लू घडताना आतलं शरीर अर्ध्या वर्तुळात, एकशे ऐंशी अंशात पिळतं. परिणाम असा की मागचं दार पुढे, डोक्याजवळ येतं. ड्रेनेजची लाइन थेट हॉलच्या तोंडावर. असा प्लॅन कोणत्याच नगरपालिकेने पास केला नसता. पण चाललंय कोट्यवधी वर्षं.

शंखी आणि बिनशंखी यांच्या मधलं काही असतं का? असतं, आणि ते आपल्याच महाराष्ट्रात आहे. आंबोलीच्या जंगलातून २०२१ साली अशाच एका अर्धशंखीचं नव्याने वर्णन झालं, वरदिया आंबोलिएन्सिस. वरद गिरी या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासकाचं नाव तिच्या प्रजातीला दिलंय. हिला शंख आहे, पण अंगापेक्षा इतका लहान की आत शिरायचं म्हटलं तर शक्यच नाही. पोराच्या मुंजीतला झब्बा लग्नात घातल्यासारखा. आंबोलीत पावसाळ्यात काय कोसळतं ते ज्याने पाहिलंय त्याला पुढचा प्रश्न आपोआप पडेल. एवढ्या ओल्या ठिकाणी शंख हवाच कशाला?

आणि इथेच मला लातूर आठवलं.

माझं आजोळ लातूर जिल्ह्यात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते पेपरात तुम्हीही वाचलं असेल. तेव्हा मी सुट्टीत मामाकडे गेलो होतो. अंगणात निळं प्लास्टिकचं पिंप, त्यावर घट्ट झाकण, झाकणावर पाटा. मामी सकाळी झाकण उघडायची, मोजून तांबे काढायची आणि परत बंद. दुपारी कोणी झाकणाला हात लावलेला तिला चालायचा नाही. पाणी चोरीला जाईल म्हणून नव्हे. उन्हाने उडून जाईल म्हणून.

शंखीचा शंख म्हणजे ते पिंप. घर वगैरे नंतर. या प्राण्याचं सगळं अंग म्हणजे ओली, पाणी झिरपणारी कातडी. चालायला चिकट द्रव लागतो, म्हणजे पावलापावलाला पाणी खर्च. पाऊस संपला, ऊन वाढलं की शंखी आत जाते आणि तोंडावर एक पातळ पडदा ओढून घेते, वाळला की कागदासारखा होतो. झाकण बंद. हृदयाचे ठोके मंद. अशी ती महिनोन्‌महिने पडून राहते, बांधाच्या दगडाखाली, पालापाचोळ्यात, मातीत. मराठवाड्यातला पूर्ण उन्हाळा ती या पिंपात काढते. पहिला चांगला पाऊस झाला की झाकण उघडतं.

बिनशंखीकडे हे पिंप नाही. तीही मातीच्या भेगेत, कुंडीखाली, ओल्या कोपऱ्यात दडते, काही दिवस काढते. आमच्या पाहुणीने तर चालायचा तळवा इतका अरुंद ठेवलाय की जमिनीला कमीत कमी अंग लागावं. चपटी, जाड पाठ, गरज पडली तर गोळा होऊन बसणं, सगळी पाणी वाचवायचीच तंत्रं. पण उघड्या शेतात, चार महिने थेंब नसताना, याने किती निभावणार? तिला सतत ओल लागते. मग ती कुठे राहणार? जिथे कोणीतरी रोज संध्याकाळी न चुकता पाणी घालतं तिथे. आयटीवाल्याच्या बाल्कनीत!

मग शंख टाकून तिने मिळवलं तरी काय? पुष्कळ. शंख फुकट मिळत नाही. त्याला कॅल्शियम लागतं, आणि ते सतत लागतं. नुकती जन्मलेली शंखी पिल्लं स्वतःच्या अंड्याचं कवच खातात ती त्यासाठीच. मोठ्या आफ्रिकन शंखी भिंतीचा चुना आणि प्लास्टर खरवडून खातात. जिथल्या मातीत चुना नाही तिथे शंखीचे हाल, बिनशंखीला फारसा फरक पडत नाही. शिवाय वजन वाहणं नाही, आणि अंगापेक्षा कितीतरी अरुंद फटीत शिरता येतं. आमच्या कुंडीच्या तळाच्या भोकातून ही बाई आत-बाहेर करत होती, ते मी दोन रात्री टॉर्च घेऊन पाहिलं. शंख असता तर तिथेच अडकली असती.

आणि शंख म्हणजे चिलखत असं समजू नका. काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात, शंखाच्या दारातून आत शिरून. भारद्वाज पक्षी मोठ्या शंखींचा फडशा पाडतो. पुरुषवाडीला काजवे बघायला गर्दी करणाऱ्यांना तो लखलखाट लहानपणी काय खाऊन मोठा झालाय ते सांगितलं पाहिजे.

आता मामाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख म्हणजे नुसती माहिती होईल.

२०२१ च्या पावसाळ्यात मामाच्या विहिरीच्या बाजूच्या बांधावर शंखी दिसायला लागल्या. तळहाताएवढ्या काही. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. उलट, पोरांनी रिकामे शंख गोळा केले आणि मामीने तुळशीच्या कट्ट्याभोवती ओळीने मांडले. छान दिसत होते, मीही फोटो काढलाय. शंख म्हटला की आपल्याला देवघर आठवतं. देवघरातला शंख याच कुळातल्या समुद्री नातेवाइकाचा, त्यामुळे नातं अगदीच खोटं नाही. पण त्या नात्याने आम्ही सगळे फसलो. तिथे जर शंभर बिनशंखी वळवळत दिसल्या असत्या तर मामीने त्याच दिवशी गावभर आरडाओरडा केला असता. हे मी तिलाही बोललोय आणि तिनेही मान्य केलंय.

२०२२ च्या जुलैत सलग पाऊस लागला. सोयाबीन नुकतं दोन पानांवर आलेलं. लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत शंखींनी कोवळी रोपं जमिनीलगत कुरतडून शेतंच्या शेतं रिकामी केली. सरकारला त्यासाठी भरपाई जाहीर करावी लागली. मामाने तीन एकरांपैकी दोन एकर पुन्हा पेरलं. दोन एकर म्हणजे दोन बॅगा बियाणं, वर खत, वर ट्रॅक्टर, आणि हंगामातले वाया गेलेले पंधरा-वीस दिवस वेगळेच. दुबार पेरणी हा शब्द पेपरात एका ओळीत संपतो.

मी फोनवर सहज म्हटलं, "मामा, गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते काही खोटं नाही."

मामा म्हणाला, "पाय कुठले रे लेकरा. पोटात शेत हाय आमचं."

यावर काय बोलणार?

ही मोठी आफ्रिकन शंखी भारतात आली कशी तेही ऐकण्यासारखं आहे. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या, शंख जमवायचा नाद असलेल्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने मॉरिशसहून कलकत्त्याला काही जिवंत नमुने आणले आणि ते चौरंगीतल्या एका बागेत सोडले गेले. हौस म्हणून. दिसायला सुंदर म्हणून. बिनशंखी कोणी अशी हौसेने जहाजातून आणली असती का? ती आली ती चोरून, कुंड्या-रोपांच्या मुळाशी लपून. शंखी मात्र मानाने आली. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. प्रत्येक शंखी नर आणि मादी दोन्ही असते, एका वेळी शंभरावर अंडी घालते. पुढचं गणित तुम्हाला येतं.

म्हणून माझं म्हणणं असं. सुंदर कोण आणि किळसवाणी कोण, यावरून नुकसान कोण करणार ते ठरत नाही. ते ठरतं पाणी कोण किती दिवस धरून ठेवू शकतं यावर. कोरडवाहू शेताला भीती पिंपवालीची, कारण ती वाट बघू शकते. बारमाही ओल्या बागेला भीती बिनपिंपवालीची, कारण तिला वाट बघायची गरजच नाही. त्यामुळे शेतात यंदा काही दिसत नाही म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नसतो, त्या बांधाखाली झाकण लावून बसलेल्या असू शकतात. आणि बाल्कनीत एक दिसली म्हणून घरात मीठ घेऊन धावण्यातही अर्थ नसतो.

योगायोग बघा, त्याच २०२२ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने जाहीर केलं की आम्ही यापुढे गोगलगायींना, दोन्ही प्रकारच्या, कीड म्हणणार नाही. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिकडच्या चव्वेचाळीसेक बिनशंखी जातींपैकी जेमतेम नऊ बागेतल्या झाडांना तोंड लावतात. बाकीच्या सडका पाला खाऊन त्याची माती करतात. चार महिन्यांनी इकडे मामा दुसऱ्यांदा पेरत होता. त्याला ती बातमी वाचून दाखवली असती तर त्याने मला शेतात पाय ठेवू दिला नसता. पण मला दोन्ही गोष्टी पटतात. तिकडच्या बहुतेक गोगलगायी तिथल्याच आहेत, त्यांना खाणारे बेडूक, पक्षी, किडेही तिथलेच. मामाच्या शेतातली परकी आहे आणि तिला समोर अख्खा तालुका एकच पीक वाढून ठेवलेला. आंबोलीतल्या अर्धशंखीला चुकूनही कोणी कीड म्हणू नये, आणि सोयाबीनवरच्या शंखीला कोणी बिचारी म्हणू नये. "गोगलगाय" या एका नावात हे सगळं कोंबून आपण भलत्याच ठिकाणी दया आणि भलत्याच ठिकाणी मीठ वापरतो.

औषधाबद्दलही थोडं. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या दोघींवर चालतात, पण त्या कुत्र्यालाही मारतात. ब्रिटनने मार्च २०२२ अखेर त्यांचा उघड्यावरचा वापर बंद केला. मामाकडे कुत्रा आहे, शेळ्या आहेत, म्हणून त्याने त्या टाकल्या नाहीत. त्याने केलं ते कृषी विद्यापीठवाले सांगतात ते जुनंच काम. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात ठिकठिकाणी टाकायची, पहाटे उचलायची, खाली जमलेल्या शंखी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा. घरातली सगळी माणसं, पोरांसकट, पंधरा दिवस पहाटे चारला उठत होती. शेजारच्या शेतकऱ्याने केलं नाही तर अर्धी मेहनत वाया, हेही आहेच.

आणि हो, दोघींना उघड्या हाताने धरू नका. इथे मात्र शंख असो वा नसो, दोघी सारख्या. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक जंत यांच्या अंगातून माणसात येऊ शकतो आणि मेंदूपर्यंत जातो. ऑस्ट्रेलियात २०१० साली एका तरुणाने मित्रांच्या नादाने बिनशंखी गिळली, अंथरुणाला खिळला आणि २०१८ मध्ये वारला. माझं व्हिजिटिंग कार्ड चांगल्या कामी आलं म्हणायचं. पुदिनाही नीट धुऊन घ्या.

आता तुम्ही विचाराल, त्या डब्यातल्या पाहुणीचं काय झालं. खरं सांगायचं तर माझी पंचाईत झाली होती. सोसायटीच्या बागेत सोडावी तर परकी जात, तिथे पोरं खेळतात. मारावी तर आठवडाभर वाचून वाचून तिच्याशी ओळख झालेली. शेवटी मामाला फोन लावला. अशा बाबतीत तो शेवटची अथॉरिटी.

"शंख हाय का तिला?" त्याने पहिलंच विचारलं.

"नाही."

"मंग कशाला भितोस? एक मारून काय हुतंय, कुंडीखाली अजून असतील. पाणी कवा घालतोस तू?"

"संध्याकाळी. ऑफिसवरून आल्यावर."

"तितंच चुकलास की. रातभर कुंडी वली ऱ्हाती आन् तिचं फावतं. सकाळच्याला घाल. रातच्याला माती वरून सुकी पायजे."

डब्यातली मिठाच्या पाण्यात गेली. कुंड्या उचलून बघितल्या तर खाली अजून तीन होत्या आणि अंड्यांचा एक पुंजका, त्यांचीही तीच वाट. बायको तेवढा वेळ घरात होती. आता मी सकाळी साडेसहाला उठून पाणी घालतो, शनिवारीसुद्धा. तळाच्या भोकांना बारीक जाळी बसवायची राहिलीय, ती उद्या. पुदिन्याला खालून दोन नवे फुटवे आलेत.